भटवाडीची बॅक

सुलक्षणा घाडी नववीत होती आणि शाळेच्या फुटबॉल टीममध्ये बॅक म्हणून खेळत होती. यातली पहिली गोष्ट घाटकोपरच्या भटवाडीत सगळ्यांना ठाऊक होती. दुसरी सांगितली तर समोरचा माणूस आधी हसायचा, कारण शाळेची टीम एकच होती आणि ती मुलांची होती.

झालं असं, की शहाऐंशी सालच्या जूनमध्ये वर्ल्डकपच्या मॅचेस टीव्हीवर दिसल्या आणि डोंगरावरच्या चाळींमधली पोरं महिन्याभरात बदलून गेली. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात अर्ध्या चाळीच्या चपला. क्रिकेटचे स्टंप माळ्यावर गेले आणि जो तो चिखलात बॉल लाथाडू लागला. शाळेतले खेळाचे शिक्षक जयवंत सर मूळचे कबड्डीचे. फुटबॉलचे नियम ते पुस्तकात बघून सांगत. पण पोरांचा जोर पाहून त्यांनीही हौसेने टीम उभी केली आणि उपनगरातल्या शाळांच्या स्पर्धेत तिचं नाव घातलं. पुढे खेळायला सगळेच तयार होते. गोल मारायला कुणाला नको असतं? मागे उभं राहायला मात्र कुणी मिळेना. कसेबसे दोघे मिळाले, तर त्यातल्या एकाला कावीळ झाली आणि दुसऱ्याचं बिऱ्हाड मानखुर्दला हललं.

तेव्हा कॅप्टन अनंत सरांना म्हणाला, की आमच्या चाळीत एक चांगली बॅक आहे. सरांना वाटलं पोराची बोलण्यात चूक झाली. त्यांनी परत विचारलं, तर अनंतने मान खाली घालून सुलक्षणाचं नाव सांगितलं.

सुलक्षणाला हा खेळ बापाकडून आला होता. काशीराम घाडी परळच्या एका गिरणीत साच्यावर कापड विणायचा आणि गिरणीच्या टीममध्ये डावा बॅक म्हणून खेळायचा. ब्याऐंशीत संप झाला, लांबला, आणि काशीरामची गिरणी जी गेली ती गेलीच. त्या दिवसांत घरात बसून बायकोच्या तोंडाकडे बघणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून तो सकाळीच पोरीला घेऊन खालच्या मैदानात उतरायचा. बॉल पायात घोळवत तिच्या अंगावर जायचा आणि म्हणायचा, घे माझ्याकडून. कितीतरी दिवस तिला तो घेता आला नाही. ती रडायची, चिखलात बसून राहायची, पण घरी चल म्हणायची नाही. पुढे काशीरामला विक्रोळीच्या एका कंपनीत वॉचमनची नोकरी लागली. माणूस मुळातच कमी बोलायचा, तो आता जवळजवळ गप्पच झाला. मैदान तेवढं राहिलं. तिथे बापलेकीचं जे काय बोलणं व्हायचं, ते बॉलवरच.

जयवंत सर विचारायला घरी आले तेव्हा आईने, रत्नप्रभाने, चहा केला आणि चहाबरोबरच नकार दिला. पोरगी वाढत्या वयाची, पोरांच्या अंगाला अंग लागतं, उद्या लोक काय म्हणतील. तिचं सगळं बोलून झाल्यावर काशीराम कोपऱ्यातून एवढंच म्हणाला, "खेळांदे तिका."

रत्नप्रभाने नवऱ्याकडे पाहिलं. संपानंतर त्याने घरात कशासाठी म्हणून तोंड उघडलं नव्हतं. ती उठली, पत्र्याच्या पेटीतून त्याची एक जुनी पँट काढली आणि दुसऱ्या दिवशी ती पोरीच्या मापाची करून दिली. खेळायचं तर पाय झाकून, असं बजावलं. अशा रीतीने सुलक्षणा टीममध्ये आली. स्पर्धेच्या नियमांत मुलगी चालेल असं नव्हतं, चालणार नाही असंही नव्हतं. विचार करायची वेळच कुणावर आली नव्हती.

पहिल्या मॅचला तिच्याच टीममधली मुलं तिला पास देईनात. दिला आणि तिने घालवला तर नाव पास देणाऱ्याचं खराब होणार. पण समोरच्यांचा एक उंच पोरगा बॉल घेऊन सुटला, आणि गोली पुढे येऊन घसरून पडला, तेव्हा सुलक्षणाने मागून धावत येऊन त्याच्या पायातून बॉल असा काढून घेतला की तो पोरगा दोन पावलं तसाच रिकामा धावत गेला. मग पास यायला लागले. दुसरी मॅचही जिंकली. अनंत तिला मैदानात "ए घाडी" म्हणून हाक मारायला लागला, आणि तिला ते फार आवडलं. वर्गात तिला कुणी अशी हाक मारत नव्हतं.

तिसरी मॅच मुलुंडच्या शाळेशी होती. तो संघ स्पर्धेतला सगळ्यात भारी समजला जायचा, कारण त्यांच्याकडे नंदकिशोर होता. दहावीतला मुलगा, अंगाने शिडशिडीत, बॉल पायाला चिकटवल्यासारखा पळायचा. मैदान त्यांचंच होतं, कडेला त्यांचीच पोरं जमली होती. घाटकोपरच्या टीममध्ये एक मुलगी आहे हे त्यांना आधीच कळलं होतं, त्यामुळे सगळी तिला बघायलाच आल्यासारखी उभी होती. सुरुवातीला शिट्ट्या झाल्या, नंतर तिच्या पँटवरून काहीबाही बोलणं झालं. सुलक्षणाने तिकडे बघितलं नाही.

नंदकिशोर पहिल्यांदा तिच्या अंगावर आला तेव्हा तिने त्याचा बॉल घेतला. दुसऱ्यांदा आला तेव्हाही घेतला. कडेची पोरं आता तिच्यावर नाही, त्याच्यावर हसायला लागली. "नंद्या, बांगड्या भर," असं कुणीतरी ओरडलं. हाफटाइमला त्यांची टीम एका बाजूला घोळका करून उभी होती. सुलक्षणाने पाणी पिताना पाहिलं, की त्यांच्यातले दोघेतिघे नंदकिशोरला काहीतरी सांगतायत आणि तो मान हलवतोय. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला तेव्हा कळलं नाही.

हाफटाइमनंतर थोड्याच वेळात उजवीकडून एक लांब पास आला. बॉल दोघांच्या मध्ये पडला. ती धावली, तोही धावला. तिने बॉलच्या बाजूने पाय आडवा घातला, बाप शिकवायचा तसा, आणि अगदी शेवटच्या क्षणी तिला दिसलं की हा बॉलकडे बघतच नाहीये. त्याचा पाय उंच होता. चिखलात तो घसरला, त्याची पोटरी तिच्या बुटावर आदळली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा एक आवाज झाला. ओलं लाकूड मोडल्याचा असतो तसा.

मग तो ओरडायला लागला. सुलक्षणा शेजारीच पडली होती. त्याचा पाय गुडघ्याखाली जिथे वळू नये तिथे वळलेला तिने पाहिला, आणि तिला उठता येईना. रेफ्रीने धावत येऊन शिट्टी वाजवली ती खेळ थांबवायला. फाउल त्याने कुणाचाच दिला नाही. पण ते कुणी बघितलंच नाही. कडेची पोरं मैदानात घुसली होती, आणि त्यांच्या तोंडी एकच होतं, की पोरीने पाय मोडला.

गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली होती. ऑपरेशन झालं, सळई घातली. डॉक्टर म्हणाले की मुलगा चालेल, पण पाय किंचित आखूड राहू शकतो. खेळायचं नाव काही वर्षं काढू नये. या बातम्या मुलुंडहून घाटकोपरला रोज यायच्या आणि रोज थोड्या वाढून यायच्या. भटवाडीत नळावर रत्नप्रभाला बायका विचारायच्या, काय हो, तुमच्या मुलीने म्हणे पोराला लाथ मारली? ती हंडा अर्धा भरला असला तरी उचलून निघून यायची. घरी येऊन नवऱ्याला काही बोलायची नाही, मुलीलाही नाही. भांडी तेवढी जोरात आपटायची.

सुलक्षणाला स्वतःला काय वाटत होतं हे तिलाही धड सांगता आलं नसतं. तिच्या नडगीवर मोठा काळानिळा डाग उठला होता. तो ती कुणाला दाखवत नव्हती. वर्गात बाकावर बसलेली असताना तो आवाज तिला मधूनच ऐकू यायचा आणि पाय आपोआप बाकाखाली मागे जायचा. शेवटी तिने बापाला सांगितलं की मला त्याला भेटायचं आहे. काशीरामने इस्त्रीचा शर्ट घातला, केळी घेतली आणि तिला घेऊन मुलुंडच्या हॉस्पिटलात गेला.

नंदकिशोरची आई रुक्मिणी कॉटशेजारी स्टुलावर बसली होती. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. नवरा वारला होता आणि हा एकुलता एक. तिने या दोघांना ओळखलं नाही. काशीरामने नाव सांगितलं तेव्हा ती उभी राहिली आणि सुलक्षणाकडे बघत राहिली. सुलक्षणाला वाटलं, आता ही मारणार.

"तुला काही लागलं नाही?" रुक्मिणीने विचारलं.

सुलक्षणाने नाही म्हणून मान हलवली. रुक्मिणीने पुढे विचारलं, की तू मुद्दाम केलंस का. ती नाही म्हणाली. रुक्मिणीने यावर विश्वास ठेवला की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. डॉक्टरांचा राउंड संपत आला होता, त्यांना गाठायला म्हणून ती बाहेर गेली. तिच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून काशीरामही मागोमाग गेला. कॉटपाशी हे दोघेच उरले.

नंदकिशोर छताकडे बघत होता. त्याचा पाय प्लास्टरमध्ये, उशांवर उंच ठेवलेला. तो छताकडेच बघत बोलला.

"मी पायावरच आलो होतो."

सुलक्षणाने त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"हाफटाइमला आमची मुलं म्हणाली, एकदा पाड तिला नीट, म्हणजे परत यायची नाही. मी आधी नको म्हटलं. मग ते हसायला लागले."

"मग सगळ्यांना असं का सांगितलंस की मी लाथ मारली?"

"मी नाही सांगितलं. त्यांनी सांगितलं. मी फक्त नाही म्हटलं नाही." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "पोरीला पाडायला गेलो आणि स्वतःच मोडून पडलो, हे कसं सांगू? आईला नको सांगू हं. ती आधीच झोपत नाहीये."

सुलक्षणाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यात मोठी माणसं परत आली. जाताना रुक्मिणीने केळ्यांची पिशवी ठेवून घेतली, हेच काशीरामला फार वाटलं. बसमध्ये तो म्हणाला, बाई चांगली आहे. सुलक्षणाने त्याला नंदकिशोरचं बोलणं सांगितलं नाही.

पुढल्या आठवड्यात शाळेत बैठक झाली. मुलुंडच्या शाळेने तक्रार केली होती आणि त्यांचे खेळाचे शिक्षक स्वतः आले होते. हेडसरांच्या खोलीत जयवंत सर खिडकीपाशी उभे होते. काशीरामला खुर्ची दिली होती, पण तो टोकावर बसला होता, कंपनीच्या गेटवर साहेब यायच्या वेळेला बसतो तसा. आत जाण्यापूर्वी जयवंत सरांनी सुलक्षणाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की घाडी, तू फक्त सॉरी म्हण. दोन मॅच बाहेर बस, मग मी बघतो. तिने ठरवलंही होतं की असंच करायचं.

मुलुंडचे सर तावातावाने बोलत होते. मुलगी आहे म्हणून आमची मुलं सांभाळून खेळत होती आणि तिने त्याचाच फायदा घेतला, असं त्यांचं म्हणणं. रेफ्रीने फाउल दिला नाही, असं जयवंत सर एकदा हळूच म्हणाले. त्यावर मुलुंडच्या सरांनी काशीरामकडे हात केला आणि म्हणाले, की पोरीला शिकवलंय कुणी ते दिसतंच आहे. गिरणीतल्या टीमा कशा खेळायच्या ते आम्हाला माहीत आहे, बॉल सोडून पायावरच यायचे.

काशीराम खाली बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. सुलक्षणाने ते पाहिलं आणि तिच्या तोंडातून निघून गेलं.

"नंदकिशोरने मला स्वतः सांगितलंय. तो माझ्या पायावर आला होता. तुमच्या मुलांनीच त्याला सांगितलं होतं, तिला पाड म्हणून."

मुलुंडचे सर म्हणाले, की हे साफ खोटं आहे, मी नंदकिशोरला विचारीन. हेडसर मात्र रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि समजुतीच्या स्वरात बोलले.

"बाळ, समजा तू म्हणतेस ते खरं आहे. तर मग विषयच संपला ना? मुलं ठरवून तुझ्या अंगावर येणार असतील, तर मी तुला मैदानात कसा पाठवू? आज त्याचा पाय मोडला, उद्या तुझा मोडेल. मी तुझ्या आईला काय सांगू?"

सुलक्षणाने लाथ मारली असेल तर ती बाहेर, आणि नसेल मारली तरीही ती बाहेर. खऱ्याचा उपयोग होईल असं तिला वाटलं होतं, आणि खऱ्यानेच दार लागलं होतं. तिने जयवंत सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग तिने बापाकडे पाहिलं. हेडसरांनी त्याला विचारलं, काय घाडी, पटतंय ना? काशीराम उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "ठीक आहे, सर."

चढणीच्या रस्त्याने घरी येताना ती त्याच्या पुढे चालत होती. मध्येच थांबून मागे वळली.

"तुम्ही का नाही बोललात, बाबा? मी बरोबर होते."

काशीराम चढाने दमला होता. त्याने भिंतीला हात टेकला.

"चार वर्सां आधी मी पण बरोबरच होतंय," तो म्हणाला. "आमी सगळेच होतव. बरोबर आसून काय झाला, ता तू बघलंस."

त्यानंतर तिने त्याच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं. सकाळी तो बॉल घेऊन दारात उभा राहायचा, ती अभ्यासाचं पुस्तक काढून बसायची. थोडा वेळ वाट बघून तो बॉल खाटेखाली सरकवायचा आणि ड्यूटीवर जायचा.

नंदकिशोरला त्याच्या सरांनी विचारलं. तो म्हणाला, मी असं काही बोललो नाही. हे घाटकोपरला पोचलं आणि लाथ मारणारी पोरगी आता खोटारडीही ठरली. पुढची मॅच टीम तिच्याशिवाय खेळली आणि वाईट हरली. सुलक्षणा बघायला गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यात अनंत भेटला. तिला वाटलं, तो निदान बरं बोलेल.

"सरांनी सांगितलं होतं ना गप्प बस म्हणून?" अनंत म्हणाला. "दोन मॅचचा प्रश्न होता यार. तू तोंड उघडलंस आणि सगळ्यांची वाट लावलीस." आणि तो तिला ओलांडून वर गेला. त्याचा आवाज चिडका नव्हता, रडवेला होता. ते तिला जास्त लागलं.

दसरा होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी रुक्मिणी भटवाडीत आली. पत्ता विचारत, पायऱ्या चढत, धापा टाकत ती घाड्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा रत्नप्रभा तांदूळ निवडत होती. काशीराम ड्यूटीवर होता, सुलक्षणा आत कपडे घड्या करत होती. रुक्मिणी पाणी प्यायली आणि म्हणाली, की तुमची मुलगी खरं बोलली होती, ते सांगायला आले.

प्लास्टर निघालं होतं. नंदकिशोर कुबड्यांवर चालत होता, पण तोंडातून शब्द काढत नव्हता. शाळेतल्या त्याच्या मित्रांनी यायचं सोडलं होतं. एक दिवस तो त्यांच्याबद्दल काहीतरी वाईटसाईट बोलला आणि बोलता बोलता सगळंच सांगून बसला. रुक्मिणी त्याच्या शाळेत गेली होती. तिथे तिला सांगितलं, की बाई, झालं ते झालं, मुलाचं दहावीचं वर्ष आहे, कशाला उकरून काढता.

रत्नप्रभाचे हात सुपावर थांबले होते.

"तिला पाड, असं सांगितलं कुणी?" तिने विचारलं. "पोरांनी, की मास्तरांनी?"

रुक्मिणीने पदराने तोंड पुसलं. "मुलांनी, असं तो म्हणतो. हाफटाइमला सरही तिथेच होते. मी पुढे विचारलं नाही. माझं धाडस झालं नाही."

जाताना ती सुलक्षणाजवळ थांबली. माफी वगैरे ती मागू शकली नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, की तो तुला भेटायला येणार होता, पण त्याला पायऱ्या जमत नाहीत. सुलक्षणाने मान हलवली. तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिला फक्त दिसलं, की कुबड्यांवरचा एक मुलगा पायऱ्यांच्या तळाशी उभा आहे.

रत्नप्रभाने दुसऱ्या दिवशी कामं टाकली आणि ती शाळेत गेली. ती कधी शाळेत जायची नाही. हेडसरांसमोर बोलायला तिला मराठी पुरायची नाही, मालवणी तोंडात यायची. तिथे तिने काय सांगितलं ते तिने घरी सांगितलं नाही, पण शिपाई धोंडूने चाळीत सांगितलं, की घाडीणबाई हेडसरांच्या टेबलावर हात आपटून बोलल्या, माझ्या पोरीचो पाय मोडूक निघालेले ते खेळतत आणि माझी पोरगी घरी कित्याक? हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, की स्पर्धा संपली, पुढल्या वर्षी ही दहावीत जाईल, आणि पुढच्या वर्षापासून स्पर्धेच्या नियमांतच फक्त मुलांसाठी असं घातलंय. आता आमच्या हातात काही नाही.

संध्याकाळी काशीराम घरी आला तेव्हा रत्नप्रभाने त्याला जेवायला वाढलं आणि एकच सांगितलं, "उद्या तिका घेवन जावा खाली."

दुसऱ्या दिवशी तो बॉल घेऊन दारात उभा राहिला. सुलक्षणाने आईकडे पाहिलं. आईने तिची पँट धुऊन ठेवली होती. ती उठली.

मैदान आता कोरडं झालं होतं, कडेला धूळ उडत होती. काशीरामने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बॉल पायात घोळवत तिच्या अंगावर आला. ती पुढे झाली, पाय घालायची वेळ आली, आणि पाय मागे आला. तिने मागे घेतला नव्हता. तो आपला आपण आला. बाप बॉल घेऊन निघून गेला. परत आला. परत तसंच झालं. तिसऱ्यांदा तो हळू आला, आणि तो हळू आलाय हे कळल्यावर तिला इतका राग आला की महिन्याभरानंतर ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"असं हळू नका येऊ."

"बरां," तो म्हणाला.

मग तो जोरात आला, पन्नाशीला टेकलेला माणूस पळेल तेवढा जोरात, आणि तिने डोळे मिटून पाय घातला. बॉल लागला, बाजूला गेला. पण डोळे मिटून खेळता येत नाही हे दोघांनाही माहीत होतं. काशीराम बॉल आणायला गेला आणि तिकडेच जरा वेळ पाठ करून उभा राहिला.

त्यानंतर ते रोज जात राहिले, ती दहावी पास होईपर्यंत आणि नंतरही सवड मिळेल तेव्हा. शाळेची टीम दोन वर्षांनी मोडली. अनंत पुढे तिच्याशी पूर्वीसारखा बोलायला लागला, पण त्या जिन्यातल्या बोलण्याचा विषय दोघांनी कधी काढला नाही. नंदकिशोर लंगडत चालतो असं कुणी सांगायचं, कुणी सांगायचं की मुळीच कळून येत नाही. तिने जाऊन पाहिलं नाही. तिचा पाय हळूहळू पुढे पडायला लागला, डोळेही उघडे राहायला लागले. पण ती पूर्वीसारखी झाली की नाही, हे काही तिला कधी नीट कळलं नाही. खरोखर पाडायचं म्हणून तिच्या अंगावर येणारं आता कुणी नव्हतं. बाप यायचा, आणि तो तिला लागू नये म्हणून शेवटच्या क्षणी आपलाच पाय आवरता घ्यायचा.